घोड्यांच्या रक्तातलं औषध

३ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा! धाकटी फाटकातच उभी होती. गळ्यात पडली आणि पहिलं वाक्य काय, तर दादा, किती वाळलास. धाकटी म्हणजे माझी बहीण. आईवडील गेल्यावर गॅरेजात गाड्यांखाली सरपटत मी तिला डॉक्टर केली. आता ती सापांचं विष काढते, ते थोडंथोडं घोड्यांना टोचते आणि त्यांच्या रक्तातून सर्पदंशावरचं औषध बनवते. मी गॅरेज बंद केलं म्हणताच तिने हुकूम सोडला, की इथले पंप सांभाळायला ये. तबेल्यामागची खोली दिलीय. ऊन भरपूर, पलंग भक्कम. पंपाचा आवाज लांबूनच ऐकून सांगितलं, बेअरिंग गेलंय. उघडून बघितलं तर खरंच! सगळे चाट. कान अजून शाबूत आहेत म्हणायचे.

७ फेब्रुवारी

जेवताना धाकटीला विचारलं, विष टोचून घोडं मरत कसं नाही. तिने माझ्याच भाषेत समजावलं. अंगात परका बोल्ट दिसला की शरीर नाना तऱ्हेचे पाने लावून बघतं. एखादा बरोबर बसला की तसलेच लाखो पाडतं आणि ते माप सहसा विसरत नाही. म्हणून डोस हळूहळू चढवायचा, मग ते पाने घोड्याच्या रक्तातून काढून साप चावलेल्या माणसाला द्यायचे. पण एखाद्याचं शरीर घोड्याच्या पान्यालाच परका ठरवतं आणि त्याच्यावर तुटून पडतं. मी म्हटलं, म्हणजे शरीर सासूसारखं. सून औषध घेऊन आली तरी परकीच. धाकटी हसली, पण जरा उशिरा.

मी वाळलोय म्हणून तिने ताकदीची इंजेक्शनं सुरू केलीत. स्वतः टोचते, वर फुंकर घालते. सुख सुख म्हणतात ते आणखी काय असतं!

१९ फेब्रुवारी

खांद्यावर लिंबाएवढी गाठ आलीय. धाकटी म्हणते, औषध जिरतंय.

घोड्यांच्या मानेवरही गाठी आहेत. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार त्या चोळताना प्रत्येक घोड्याला राजा म्हणतो. एरवी गडी भलता बोलका. आज माझी बाही वर सरकली, गाठ त्याच्या नजरेला पडली. माझी पाठ थोपटून एवढंच म्हणाला, बस राजा, बस.

आधी गंमत वाटली. मग वाटेनाशी झाली.

२६ फेब्रुवारी

अंगात ताप. दुपारी पडून होतो. भिंतीपलीकडे मोतद्दार धाकटीला विनवत होता, की ताई, तुमच्या मिस्त्रीदादांना पुढचा डोस झेपायचा नाही. ती म्हणाली, दादाची हाडं दणकट आहेत, चढवू.

ताकदीच्या औषधाला घोड्यांची भाषा कशाला?

२८ फेब्रुवारी

विचारलं. तोंडावर. मलाही विषच टोचतेस का? ती रडली.

मागे एकदा तिला साप चावला होता. मला कळवलंही नव्हतं. घोड्यांचं औषध घेतलं तर घसा सुजून श्वास अडला. पुन्हा घेतलं तर जगायची खात्री नाही, आणि साप तर रोज हातात. सख्ख्या भावाचं रक्त जुळतं. तिचं शरीर मला परका म्हणणार नाही— हे तिचेच शब्द.

म्हटलं, मग सांगितलं का नाहीस. म्हणाली, तू नाही म्हणाला असतास तर?

मी? तुला?

वेडे, नुसतं मागायचं होतंस. हात पुढे केला असता गं.

१ मार्च

निघायचं ठरवलं. फाटकाला कुलूप. मोतद्दार नजर चुकवतो. अंगात ताप, भिंत काही चढवणार नाही.

आतून कडी लावलीय. दुपारी सुई घेऊन आली, हाका मारून गेली. नाही, बाई. आता नाही. जी बोटं धरून तिला चालायला शिकवलं, त्याच बोटांनी— जाऊ दे.

४ मार्च

सकाळ. सापांच्या खोलीत काच फुटली. तिची किंकाळी—

दाराशी आलीय. जीभ जड झालीय, शब्द एकमेकांना चिकटतायत. दादा, कडी काढ. तेवढंच म्हणते. मागून मोतद्दार गाडा ढकलत आणतोय. बरण्या वाजतात. घोड्यांचं रक्त काढायच्या त्या मोठ्या—

तो ओरडला, ताई, माणसात एवढं नसतं.

ती म्हणाली, असेल तेवढं काढ.

ऐकलं मी. स्वच्छ ऐकलं. धाकटे—

आता बोलत नाही. नखं दारावरून खाली घसरली. श्वास तुटतोय. लहानपणी ताप चढला की अशीच धापायची आणि मी—

उठलोय. हात कडीवर—