आडव्या बाटलीचं मत

११ डिसेंबर
बायका आज आमच्या दारावरून सरळ पुढं गेल्या!

दारूबंदीच्या सह्या गोळा करताहेत. गावातल्या चौथाई बायकांनी सह्या दिल्या की मतदान लागतं, फक्त बायकांचं. उभ्या बाटलीवर शिक्का म्हणजे दुकान चालू. आडवीवर म्हणजे बंद. गावात दुकान एकच. आमचं.

मी ओट्यावर मेथी निवडत होते. भीमा सगळ्यांत पुढं. दहा वर्षं एका बचत गटात बसतो आम्ही. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी आमच्याच दुकानाच्या पायरीवर गेला. तिनं माझ्याकडं पाहिलं, कागद छातीशी धरला आणि चालू लागली. चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

१२ डिसेंबर
ही वही रेश्माच्या जुन्या पुस्तकांखाली ठेवते. नववीतली लेक माझी. बघितली तरी बोलायची नाही.

३ जानेवारी
सह्यांची पडताळणी झाली. शाळेत साहेब बसले होते. एकेकीनं समोर जाऊन ‘सही माझीच’ म्हणायचं. हे समोरच्या टपरीवर खुर्ची टाकून बसले, कोण येतंय ते बघत. तरी तीनशे चाळीस आल्या! मतदान लागणार.

जेवताना हे म्हणाले, “घरात दोन मतं. दोन्ही उभी. व्हय ना आई?”

“व्हय,” आत्याबाई म्हणाल्या. सासूबाई दुसरं काय म्हणणार!

मी भाकरी थापत राहिले. हे मारत नाहीत. कधी हात उचलला नाही. स्वतः थेंब घेत नाहीत. मग तक्रार कुणाकडं आणि कसली करू? खाल्लेला प्रत्येक घास त्याच गल्ल्यातला.

२५ जानेवारी
हळदीकुंकू झालं आमच्याकडं. सगळं ह्यांनीच ठरवलं. वाण काय — स्टीलचा मोठा डबा! दीडशे बायका आल्या. कुंकू लावताना प्रत्येकीकडून वदवून घ्यायचं — ‘उभी.’ कुंकवाची आण. हे दारातच बसलेले. भीमाला बोलावणं नाही. विधवा, म्हणून. खरं कारण सगळ्यांना ठाऊक.

पहिली आण माझी. “रेश्माच्या डोक्यावर हात ठेव,” म्हणाले. ठेवला. नुकतीच न्हालेली, केस ओलेच होते. तिनं वर बघितलं नाही.

वेशीजवळची पूजा डबा घेताना रडायलाच लागली. लग्नाला दोन वर्षं नाहीत, नवरा रोज पिऊन येतो. “काकी, आण घेतली आता. काय करू?”

मी तिच्या कानाशी म्हटलं, “जाऊच नको मतदानाला. आण मोडत नाही आणि उभीलाही मत पडत नाही.”

तिचा चेहरा खुलला. माझाही! कोंडलेल्या खोलीत खिडकी सापडावी तसं झालं. जाताना ती आणखी दोघी-तिघींशी कुजबुजत होती.

१६ फेब्रुवारी
मतदान. पोटात दुखतंय म्हणून पडून राहिले. ‘चल’ म्हणून हे मागं लागतील वाटलं होतं. उलट, “पड निवांत,” म्हणाले. नवल!

संध्याकाळी
आडवी ५३६. उभी ४३. ऐकून उडालेच मी. आणि फटाके मात्र आमच्या दुकानापुढं!

रेश्मानं समजावलं. गावात बायका मतदार १०८६. आडव्या बाटलीला त्या सगळ्यांत निम्म्याहून जास्त मतं लागतात — आलेल्यांत नाही. ५४४ हवी होती. जी आली नाही ती उभीतच जमा.

आठ कमी पडल्या. आठ!

हे पेढे घेऊन आले. “न आलेली बाई आपलीच आसती. तुझी युक्ती लई कामाला आली.” पूजाच्या नवऱ्यानं सांगितलं म्हणे ह्यांना. पेढा माझ्या तोंडात घातला. गिळला मी.

१९ फेब्रुवारी
दुपारी पूजाच्या घरातून ओरडण्याचा आवाज. कुणीच गेलं नाही. मीही नाही.

२७ फेब्रुवारी
रेश्मा सांगत होती, पहिल्या निवडणुकीला देशात लाखो बायकांनी यादीत स्वतःचं नावच दिलं नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच. त्यांची नावं कापली गेली. मग म्हणाली, “आई, तुझं तर होतं की यादीत.”

टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागलं.

१० मार्च
गिरणीत भीमा भेटली. आम्ही दोघीच. म्हटलं, “जाऊ नका, असं मीच सांगितलं होतं बायकांना.”

“ठावं हाय मला.”

“भीमा, मला माहीत नव्हतं गं —”

“माजंबी चुकलंच. तुज्या दारात आलेच न्हाई मी. म्हणलं, हिला कशाला पेचात टाकायचं.” तिनं दळण उचललं. “आता वरीसभर काय करता येत न्हाई.”

१८ मार्च
दुकानाचा परवाना सासरे गेल्यापासून आत्याबाईंच्या नावावर आहे. याच महिन्यात नवा करून घ्यायचा. ह्यांनी काढलंय की तो आता माझ्या नावावर करायचा! “आई थकली. आन तुज्यासारख्या बाईचं दुकान म्हटल्यावर पुढच्या साली बायका कशाला उठतील?”

फोटो काढून झाले. फोटोत मी हसतेय. फोटोग्राफर म्हणाला हसा, म्हणून हसले.

२१ मार्च
जेवण जात नाही. या वेळी पोटदुखीनं भागायचं नाही. सही मलाच करावी लागणार.

२४ मार्च
शहरात, माळीवाडा एसटी स्टँडवर लिहितेय. वही पिशवीत टाकून आणली होती, का ते ठाऊक नाही.

परवान्याच्या कचेरीत साहेबांनी विचारलं, “ताई, स्वखुशीनं ना?”

“नाही,” मी म्हणाले.

ह्यांचा चेहरा बघवेना. मग ह्यांनी दुसरा कागद आत्याबाईंपुढं सरकवला. या साली तुझ्याच नावावर राहू दे म्हणाले. आत्याबाईंनी अंगठ्याला लावलेली शाई लुगड्याला पुसून टाकली. लेकाला म्हणाल्या, “इतकी वर्सं अंगठा लावला, कल्याण. आता न्हाई.”

हे गाडी घेऊन निघून गेले. आम्ही दोघी बाकावर बसलोय. परवान्याची मुदत एकतीसला संपते.