नख अडकत नाही

९ जुलै २००६, रवि.
रायफल क्लबची नेमबाजीची रेंज झाडली. उडवलेल्या काडतुसांच्या दोन बादल्या रिकाम्या पुंगळ्या. म्हाताऱ्या रॉयच्या वेगळ्या ठेवल्या. त्याने कुठल्यातरी मिलिटरीची जुनी काडतुसं स्वस्तात घेतलीत. पुंगळीच्या बुडाची, ठिणगी पाडणारी टोपी चपटी झालीये. कडेच्या खाचेत नख अडकायला हवं, अडकत नाही. दोन टोप्यांभोवती धुराची काजळी. त्याच्याच रायफलच्या गेल्या महिन्यातल्या पुंगळ्या काढून बघितल्या, त्या ठीक. म्हणजे माल वाईट. आत दाब जास्त होतोय, रायफल तोंडावर फुटेल.

११, मंगळ.
सेक्रेटरी कॉलिनला अंड्यांच्या ट्रेमध्ये लावून दाखवल्या. डावीकडे जुन्या, उजवीकडे नव्या. म्हणतो, "मिलिटरीच्या अशाच असतात. तू चहाचं बघ, शीला."
चहाचं बघ. इकडे यायच्या आधी देशात दारूगोळ्याच्या फॅक्टरीत अकरा वर्षं टोप्याच बघितल्या मी. शाळा चौथीपर्यंत, पण नख शिकलेलं आहे. एकदा साहेब म्हणाले जाऊ दे, म्हणून खराब पेटी जाऊ दिली. चाचणीवाल्या शिंदेंचा डोळा गेला. तसं परत होऊ देणार नाही.

१५, शनि.
उद्या स्पर्धा. रॉय तीच पेटी आणणार. गोळी झाडल्यावर रायफलचा बोल्ट उघडायला हाताने ठोकावा लागतो, तरी म्हणतो उन्हामुळे. "डिअर, पन्नास वर्षं रायफल चालवतोय."
म्हटलं, आणि डोळे किती आहेत?
हसला. मी नाही.
घरी ह्यांना सांगितलं. "तू झाडायला जातेस, तपासायला नाही. नोकरी घालवशील." घालवते मग.
रेंजचा लाल झेंडा पिशवीत घालून आणलाय. तो चढवणं माझं काम. झेंडा वर नाही तर गोळी सुटत नाही, कॉलिननेच भिंतीवर लिहून लावलंय.

१६, रवि.
झेंडा धुतला. मळलेला होताच.
साडेआठला कॉलिनचा फोन. झेंडा कुठाय? म्हटलं, दोरीवर. ओला.
"कामावरून काढीन."
काढ. आधी ट्रेमधली डावीकडची एक आणि उजवीकडची एक रॉयच्या हातात दे. स्वतःचं नख लाव म्हणावं. फरक लागला नाही तर मीच झेंडा घेऊन येते, आणि परत तोंड दाखवत नाही.
म्हणाला, "रॉय इथेच आहे."
फोन ठेवलेला नाही त्याने. कानाला लावूनच लिहितेय. ट्रे सरकवल्याचा आवाज आला. पुंगळ्या खुळखुळल्या.
हे मागच्या दारातून विचारतायत, झेंडा वाळलाय, काढू का.
म्हटलं, हात लावू नका.