डावीकडची जागा

१२ ऑक्टोबर १९९६, नागोया
मार्चअखेर पोस्टिंग संपतंय, मग पुणे. जेवताना जाहीर केलं. बायको, उत्तरा, नुसतं 'बरं' म्हणाली. आनंद पोटात ठेवायची तिची सवयच आहे.
निर्णय: जाण्याआधी नुपूरबरोबर स्टेजवर पियानो वाजवायचा. फेब्रुवारीत तिच्या क्लासचा कार्यक्रम आहेच. लेकीला आठवण राहील.

१९ ऑक्टोबर
क्लासच्या मोरीबाईंनी एका इटालियन कंपोझरचे पीसेस काढून दिले, एका पियानोवर दोघांनी वाजवायचे. नाव जिभेवर बसत नाही. त्याचं पहिलंच छापून आलेलं काम, वय तेव्हा कॉलेजातलं. म्हणजे सोपंच असणार. बाई त्यांच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, तुम्ही डावीकडे बसा, खालचे सूर सांभाळा. पायाचं काम माझ्याकडे. बाई पारखी आहेत.

२४ नोव्हेंबर
प्रॅक्टिस नाही. प्लँटमध्ये घोळ. सबवेत मांडीवर बोटं चालवली. शेजारचा उठून गेला.

२२ डिसेंबर
नुपूर आईला जपानीत बरंच काही म्हणाली. उत्तराने भाषांतर केलं: बाबा दमतात. मुलगी हळवी आहे.
उत्तराला म्हटलं, शाळेतलं पार्टटाइम इंग्रजी शिकवणं आता सोड. म्हणाली, बघू. हल्ली उशिरा येते. कामं सोपवत असेल.

१५ जानेवारी १९९७
उत्तरा म्हणते, तुझी बाजू मोरीबाई वाजवतील, अजून वेळ आहे. म्हटलं, नुपूरला माझी सवय झालीय.

१६ फेब्रुवारी
कार्यक्रम. दुसऱ्या पानावर बोटं अडकली. हॉलमध्ये हीटिंग कमी होतं. नुपूर थांबली नाही, हात लांबवून माझेही सूर तिनेच वाजवले. मी पानं उलटली. टाळ्या भरपूर. एकूण जमलं.
नंतर चहाच्या वेळी मोरीबाई म्हणाल्या, नुपूरला इथल्याच मिडल स्कूलमध्ये जागा मिळाली, उत्तरा-सानही पर्मनंट झाल्या, छान झालं. तुम्हाला मात्र तिकडे एकट्याला जड जाईल. मी हो हो म्हटलं.

१७ फेब्रुवारी
उत्तराला विचारलं. म्हणाली, दिवाळीपासून सांगतेय, तू ऐकतोस कुठे. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हटलं, नुपूर ऐकायची नाही. ती म्हणाली, तिलाच विचार.
विचारलं. चक्क मराठीत म्हणाली, बाबा, तुम्ही जा.

२९ मार्च, विमानतळ
दोघी आल्या नाहीत. नुपूरच्या नव्या युनिफॉर्मचं माप द्यायचं होतं. मीच म्हटलं, कशाला उगाच धावपळ. टॅक्सीवाल्याने बॅगा उतरवल्या आणि कमरेत वाकला. मीही वाकलो, चांगला खोल. मान वर केली तोवर टॅक्सी निघून गेली होती.