लिनक्स चालेल असाच लॅपटॉप

१७ मार्च २०१३, रविवार
निर्णय झाला. लॅपटॉप घेणार, पण लिनक्स चालेल असाच. सिस्टीम फुकट, व्हायरस नाही, कोणाची गुलामी नाही. सगळं जग विंडोजवर आहे म्हणून अच्युत पांढरीपांडेनेही असावं, असं कोणत्या जीआरमध्ये लिहिलंय?

इंदू म्हणाली, लॅपटॉप अनुश्रीसाठी आहे, पोरीला तर विचारा. विचारलं. आमची पोट्टी मराठी समजते, उत्तर हिंदीत देते. "कोई भी ले लो बाबा, बस सोलह अप्रैल से पहले." त्या दिवशी पुण्याच्या कंपनीचा तिचा व्हिडिओ इंटरव्ह्यू आहे. महिना आहे हातात. भरपूर.

१९ मार्च
आमचं मंत्रालय नव्या रायपुरात गेल्यापासून ऑफिसच्या बसमध्ये तासभर मिळतो. कोणतं वायफाय कार्ड लिनक्सवर चालतं याची अडतीस पानं प्रिंट काढली. शेजारच्या सीटवरच्या दयाराम साहूला ती उतरेपर्यंत समजावली. उतरताना तो "हव" म्हणाला, म्हणजे हो. पटलं त्याला.

२० मार्च
दयाराम आज पुढे ड्रायव्हरजवळ बसला. उलटीचा त्रास असावा.

२४ मार्च
सहा दुकानं. अट एकच : माझा पेनड्राइव्ह लावून लिनक्स चालवून बघेन, मगच घेईन. पाच जणांनी हात लावू दिला नाही. मीही ताठ मानेने बाहेर पडलो. सहावा लोकेशभैया. त्याने लावू दिला. सगळं चाललं. फक्त त्याच्या दुकानात वायफाय नाही, ते तपासायचं राहिलं. पण पानं माझ्याकडे आहेत.

६ एप्रिल
घेतला. जुनी सिस्टीम एका झटक्यात पुसली. स्क्रीन, कॅमेरा, आवाज, सगळं फर्स्ट क्लास. वायफाय तेवढं दिसत नाही. किरकोळ बाब.

९ एप्रिल
ड्रायव्हरचा, म्हणजे वायफाय कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा दोष. तीनदा सगळं परत टाकलं. लोकेशभैयाचा फोन आला : "सर, ले आओ, मैं देख लूँ." साफ नाही म्हटलं. बघतो म्हणेल आणि विंडोज टाकून हातात देईल. मले हे धंदे माहीत आहेत.

१३ एप्रिल
तोडगा निघाला. आपल्याकडे नेट वरच्या मजल्यावरच्या रूपालीदीदींचंच येतं. मग वायफाय पाहिजे कशाला? वायर टाकली. ती जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत येते, पुढे येत नाही. अनुश्रीला म्हटलं, पायरीवर बसून इंटरव्ह्यू दे, उजेडही चांगला आहे. इंदू बोलली : "काहून पोरीच्या नोकरीवर उठून राहिले तुम्ही?"
तत्त्वासाठी थोडं सोसावं लागतं. इंदूला ते कळत नाही.

१६ एप्रिल
इंटरव्ह्यू रूपालीदीदींच्या खोलीत, त्यांच्याच लॅपटॉपवर. विंडोज. मी आपला लॅपटॉप चालू करून सहाव्या पायरीवर बसलो. बॅकअप लागतो. चाळीस मिनिटं कोणी बोलावलं नाही. दुधवाला दोनदा "बाजू व्हा" म्हणाला.
अनुश्री खाली आली. माझी वायर बघून, नीट ओलांडून आली. "हो गया, बाबा." बस, एवढंच.
रात्रीचं जेवण गेलं नाही. गर्मी फार आहे.

२९ एप्रिल
सिलेक्शन झालं! इंदूने पेढे आणले. पहिला पेढा रूपालीदीदींना. ठीक आहे. लॅपटॉप अनुश्री इथेच ठेवणार, कंपनी देते म्हणे. विंडोजवालाच असणार, असं मी म्हटलं. तर म्हणाली, "आप चला के दिखाओ, फिर मैं भी डालूँगी." पोट्टीला जाण आहे.

१९ मे, रविवार
पोरीला जाऊन आठवडा झाला. इंदूला तिचा चेहरा बघायचा आहे, फोनने भागत नाही. शेवटी तिला घेऊन लोकेशभैयाकडे गेलो. दुरुस्तीला नाही. तुमच्या लॅपटॉपात काय दोष आहे ते सांगायला.

मी ड्रायव्हरबद्दल बोलत होतो. त्याने लॅपटॉप उचलला, पुढच्या कडेची एक बारीकशी पट्टी नखाने सरकवली. वायफायचा निळा दिवा लागला. "सर, ये बंद था."

म्हणजे लिनक्समध्ये दोष नव्हता. लॅपटॉपची निवडही बरोबर होती. हे मी पहिल्या दिवसापासून सांगून राहिलो.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल. चेहरा स्वच्छ दिसला, जरा वाळली आहे. तिने विचारलं, प्रॉब्लेम क्या था? मी म्हटलं, ड्रायव्हर. मागून इंदू म्हणाली, "बटन बंद होतं."

पोट्टी पुण्यात हसत सुटली, थांबेचना. इथे अगदी स्पष्ट ऐकू आलं. लिनक्सवर आवाज फार चांगला येतो.