टाके बघायला आलेली भावकी

पिंपळे गुरव, ६ जानेवारी २०२५

ती. गोजाआक्कास नानाचा सा. न. वि. वि.

फोन लावला की घरातली सगळी कान टवकारत्यात, म्हणून हे पत्र. लेक अपेक्षा रोज चाकणला कंपनीत जाते, तिच्याच हाती धाडतोय.

माझ्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. कॅन्सर हाय, पण अगदी सुरुवातीचा. डॉक्टरीणबाई म्हणत्यात, दुर्बिणीनं खालूनच काढू, दुसऱ्या दिवशी घरी. न्हाईतर पोट उघडून आतड्याचा तुकडा काढायचा. मी म्हणालो, पोटच उघडा. कॅन्सर काय काटा हाय व्हय, चिमट्यानं काढायला? तेव्हापासून लेक भांडते आन् जयमाला भांडी आपटते. बायको असून बोलत न्हाई. तू सांगशील ते करीन.

दाजींना नमस्कार. माया पातळ करू नको.

तुझा नाना

चाकण, ९ जानेवारी

चि. नानास अ. आ.

वाचून आधी रडले, मग हसले. अपेक्षाचे कान टोचताना तू सोनाराच्या दुकानात चक्कर येऊन आडवा झालास, आन् आता पोट फाडून घेतोस?

तुला न सांगता मी डॉक्टरीणबाईंना भेटून आले. काढलेली गाठ तपासायला जाते. कडा स्वच्छ निघाल्या आन् ती खोल रुजलेली नसली, की काम झालं. तसं न्हाई निघालं, तर पोटाचं ऑपरेशन हायेच, ते कुठं पळून जात न्हाई. का भावकीत मोठं दुखणं मिरवायचंय तुला? गपगुमान दुर्बीण करून घे. मला भाऊ एकच हाय रे.

जयमालाला म्हणावं, भांडी जपून. सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी आक्का

पिंपळे गुरव, १ फेब्रुवारी

ती. आक्कास सा. न.

ऐकलं तुझं. गाठ काढली, दुसऱ्या दिवशी चालत घरी आलो आन् तिथंच घोटाळा झाला. भावकी शहाळी घेऊन आली. चुलतभाऊ दादासाहेबांनी टाके बघू म्हणून माझा सदराच वर केला. पोट कोरं! नानाला काही झालंच न्हाई, असं गावभर झालं. मग बाकीचे यायच्या आत मी पोटाला पंचा आवळून कण्हत पडलो. त्यांचं समाधान झालं, पण रविवारी दादासाहेबांच्या नातवाचं जावळ होतं. सगळ्यांना मटण, आन् मला पेशंट म्हणून डब्यातनं मऊ भात. जयमाला पदर तोंडात धरून हसत होती.

कण्हणं खोटं होतं आक्का, पण रिपोर्ट येईस्तोवर भीती खरी होती. आज आला. अपेक्षानं वाचला आन् दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली. मी तिला हलवून विचारलं, काय लिहिलंय? मग ती म्हणाली, कडा स्वच्छ हायेत, गाठ वरच्यावरच होती, आता पोट उघडायचं न्हाई. अधूनमधून दुर्बिणीनं बघत राहायचं, एवढंच. मी तिथंच वॉचमनला मिठी मारली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं. आनंदाच्या भरात मी तुझं नाव देऊन बसलो. बुधवारी तुझी दुर्बीण. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यावं लागतं, त्याची चव विचारू नको.

राग आला तरी ये.

तुझा नाना

चाकण, ३ फेब्रुवारी

चि. नानास अ. आ.

रिपोर्टचं वाचून दाजींनी अख्ख्या आळीला जिलेबी वाटली. तुला मेल्या चांगलाच बदडणार हाय मी.

उद्याच मुक्कामाला येते. पण नाना, तुला शिकवलेलं शहाणपण मलाच पुरंना. लई भ्यालेय. जयमाला नको, अपेक्षा नको. माझी तपासणी होईस्तोवर दाराबाहेर तूच बस.

तुझी आक्का