मफलरमध्ये दिसून आलेले शारीरिक बदल

२ मार्च, रविवार

आजपासून रोजनिशी. आजपासून मी नवा माणूस.

ती सकाळच्या बसने गेली. आठ आठवडे. फिजिओथेरपीचं ट्रेनिंग, दुसऱ्या शहरातलं हॉस्पिटल, हॉस्टेलवर प्राण्यांना बंदी. म्हणून तिचा गिनी पिग तिने माझ्या हातात दिला. नाव मफलर. वय दोन वर्षं. नर. रंग तपकिरी, गळ्याभोवती पांढरा पट्टा, डाव्या डोळ्याभोवती पांढरा ठिपका, उजव्या कानाला जुनी खाच. (टिपून ठेवतोय. कॉलेज सोडलं म्हणून शास्त्रीय वृत्ती सुटत नाही.)

तिला तीन मैत्रिणी आहेत, एक मावसबहीण आहे. तरी दिला मला. ह्याचा अर्थ न कळण्याइतका मी खुळा नाही. बाबा म्हणाले, अर्थ एवढाच की बाकीच्यांना कामं आहेत.

मी रागावलो नाही.

बसच्या पायरीवर तिला विचारलं, आपलं काय? म्हणाली, आल्यावर बोलू. तोवर ह्याला सांभाळ आणि डोकं जरा थंड ठेव. म्हणजे होच झालं. आठ आठवड्यांची फक्त फॉर्मॅलिटी.

संकल्प: राग कायमचा बंद. मफलर ठणठणीत. राहिलेली तीन सेमिस्टर घरी बसून स्वतःची स्वतः पुरी करणे. रोज लिहिणे.

६ मार्च, गुरुवार

मध्ये लिहायला जमलं नाही. कामाचा ताण. झेरॉक्सच्या दुकानात दहा ते दोन उभं राहायचं म्हणजे खायचं काम नाही. लोक कागद उलटे देतात आणि आपल्याकडे बघतात.

आज आईने पुन्हा मफलरला उंदीर म्हटलं. मी शांतपणे समजावलं. आई म्हणाली, शांतपणे समजावलंस ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं.

राग: शून्य.

११ मार्च, मंगळवार

मफलरचं वजन एक किलो चाळीस ग्रॅम. आईच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर घेतलं. आईला कळलं. काटा आता मफलरचा, आईने नवा मागितलाय.

त्याला ढोबळी मिरची सुरू केली आहे. त्यात व्हिटॅमिन सी असतं. तिला फोटोसह कळवलं. तिने हसरा चेहरा पाठवला. एकच, पण डोळे मिटलेला. असा ती सगळ्यांना पाठवत नसणार.

बाबा म्हणाले, प्रॅक्टिकलच्या जर्नलकडे एवढं लक्ष दिलं असतंस तर ते खिडकीबाहेर गेलं नसतं. जुना विषय. सरांनी मला कॉपी केलीस म्हटलं, मी जर्नल खिडकीतून बाहेर टाकलं आणि मागोमाग स्वतः दारातून बाहेर पडलो. ह्यात राग नव्हता, तत्त्व होतं.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळ

वाईट दिवस, पण मी पास झालो.

सकाळी आई-बाबा आत्याकडे गेले. अकराला तिला फोन लावला. मफलर शिट्ट्या मारत होता, काही ऐकू येईना. तिला म्हटलं थांब, आणि पिंजरा बाल्कनीत ठेवून आलो. मग सहज विचारलं, ग्रुप फोटोत तुझ्या शेजारचा तो उंच कोण? म्हणाली, सीनियर आहे. मी म्हटलं, सीनियर असून इतका जवळ? तिने फोन ठेवला. मी मोबाइल आपटला नाही. गादीवर टाकला. गादीवरून तो स्वतः पडला.

मग तडक बाहेर. भर उन्हात चालत सुटलो, नदीच्या पुलापर्यंत आणि परत. डोकं तापलं असताना घरात थांबू नये, ही समज मला आली आहे.

सहाला आलो. घरात विलक्षण प्रेम. आईने विचारलं, जेवलास का रे. बाबा घामाघूम, नुकतेच कुठून तरी येऊन बसलेले. पिंजरा त्यांनी स्वतः धुतला होता! खाली नवा भुसा. मफलर कोपऱ्यात तोंड लपवून. म्हटलं, काय झालं ह्याला? आई आत गेली. बाबा म्हणाले, ऊन फार आहे बाबा, माणसालासुद्धा सोसत नाही.

माझ्या शांतपणाचा परिणाम घरादारावर होतोय.

राग: शून्य.

१७ मार्च, सोमवार

मफलरचं वजन सहाशे दहा.

काटा तीनदा तपासला. मग उमगलं. काल भांडण झालं तेव्हा तो बाल्कनीतच होता, दार उघडं होतं. त्याने ऐकलं असणार. तिच्या विरहाने झुरलाय. एका दिवसात चारशे तीस ग्रॅम! मुकं जनावर, पण काय हे मन.

मीही झुरतोय. माझं वजन मात्र दोन किलोंनी वाढलंय. प्रत्येक शरीराची दुःख सोसण्याची पद्धत वेगळी.

तिला सॉरीचा मेसेज केला आणि वजनाचं कळवलं. बराच वेळ टायपिंग दिसत होतं. शेवटी आलं: बरं.

२२ मार्च, शनिवार

आज मफलरचे केस विंचरताना लक्षात आलं. मफलरची कानाची खाच भरून आली आहे!

डोळे चोळून पाहिलं. कान अखंड. बाबांना ओरडून बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, कान पाहिला, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिला. म्हणाले, असेल बुवा. मी म्हटलं, ढोबळी मिरची! ते म्हणाले, हो, मिरचीच असेल. एवढा पाठिंबा त्यांनी मला बारावीनंतर पहिल्यांदाच दिला.

तिला कळवलं. कान उगवला! उत्तर: हं.

भारावली असणार. काय लिहिणार बिचारी.

२७ मार्च, गुरुवार

ठिपका डाव्या डोळ्यावरून उजव्या डोळ्यावर गेला आहे.

दिवसभर ह्याच विचारात. दोन वाजता उत्तर सापडलं. तिच्याकडचे सगळे फोटो सेल्फी आहेत. सेल्फीत डावं-उजवं उलटतं. आणि २ तारखेला मी स्वतः डावा लिहिला, तो समोरून बघून. माझा डावा म्हणजे त्याचा उजवा. प्रश्न मिटला. अशा वेळी वाटतं, कॉलेजने माझ्यात काय गमावलं हे कॉलेजला कधी कळणार.

बाबा दारात येऊन उभे. म्हणाले, एक सांगायचं होतं तुला. मी म्हटलं, कॉलेजबद्दल असेल तर आत्ता नको. म्हणाले, कॉलेजबद्दल नाही. मी म्हटलं, मग नंतर. ते जरा वेळ उभे राहिले आणि गेले. अलीकडे बाबा फार थकल्यासारखे दिसतात. मीही थकलोय. निरीक्षणाने माणूस थकतो.

१ एप्रिल, मंगळवार

मफलरचे जुने-नवे फोटो दुकानात रंगीत काढले आणि शेजारी शेजारी मांडले. मालक चहा पिता पिता वाकले. म्हणाले, अरे, हे दोन वेगळे आहेत. मी म्हटलं, एकच आहे. म्हणाले, तीस वर्षं झेरॉक्स काढतोय, सारखं काय आणि वेगळं काय मला सांगतोस?

मी त्यांना मुद्देसूद उत्तर दिलं. त्या भरात मशीनचं झाकण जरा जोरात बंद झालं. मालकांनी चार दिवस घरी बस म्हटलं.

राग: शून्य. (काच आधीपासूनच तडकलेली होती.)

५ एप्रिल, शनिवार

घरी बसून आहे. अभ्यासाला काढलेली पुस्तकं कपाटावरून खाटेवर आली आहेत. प्रगती.

स्वयंपाकघरातलं बोलणं कानावर आलं. आई म्हणत होती, सांगून टाका ना एकदाचं, किती दिवस असं. बाबा म्हणाले, नको गं, आत्ता कुठे वेळेवर उठतोय, कामाला जातोय. बिथरला की सगळं सोडून देईल. ती आली की बघू.

म्हणजे घरात माझ्या लग्नाचं चाललंय! आणि बाबा तिच्या येण्याची वाट बघताहेत. मी काही ऐकलंच नाही असं दाखवलं. संध्याकाळभर आईकडे बघून समजूतदार हसलो. आईने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

१२ एप्रिल, शनिवार

मफलरला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. आजार नाही, फक्त नोंदीवर एक शिक्का असावा म्हणून. डॉक्टरीणबाई सकाळपासून उभ्या असाव्यात, जांभई देत आल्या. मफलरला उलटा केला, सुलटा केला. म्हणाल्या, छान आहे, साधारण पाच महिन्यांची. मादी आहे.

मी म्हटलं, दोन वर्षांचा आहे. नर आहे. म्हणाल्या, मग तो घरी राहिलाय, तो आणा.

कंपाउंडर हसला. मी टेबलावर हात ठेवला. (ठेवलाच. आवाज झाला तो टेबल पत्र्याचं असल्यामुळे.)

घरी येऊन शांतपणे विचार केला. वय उलटं चाललंय, हे मिरचीने सहज होऊ शकतं. कान उगवतो तर वय का नाही घटणार? नर-मादीबद्दल बहुधा तिचीच आधीपासून चूक झाली असावी. तिला बरं वाटेल अशा शब्दांत सांगावं लागेल.

बाबांना डॉक्टरांचं सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, तुला काय वाटतं? मी म्हटलं, डॉक्टरला काही कळत नाही. ते म्हणाले, बरं. आणि बाजारातून ढोबळी मिरची घेऊन आले.

२४ एप्रिल, गुरुवार

अहवाल तयार. ‘मफलरमध्ये दिसून आलेले शारीरिक बदल’. चौतीस पानं, बारा रंगीत फोटो, वजनाचा आलेख. दुकानातच बाइंडिंग केलं: पुढे पारदर्शक कव्हर, मागे निळा पुठ्ठा, काळी स्पायरल. भोकं मालकांनी स्वतः पाडून दिली. पहिलं पान वाचलं, मग शेवटचं वाचलं. मी मशीनकडे वळलो तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, घरी जा आज लवकर.

अर्पणपत्रिकेत फक्त तिच्या नावाचं पहिलं अक्षर.

ती रविवारी येतेय. आठ आठवड्यांत एकदाही रागावलो नाही, कुणीही विचारा. दुकान आणि दवाखाना सोडून कुणालाही.

२७ एप्रिल, रविवार. दुपारी १२

आली. वाळलीये. आईने बसवलं, पाणी दिलं. बाबाही बाहेर आले, नवा शर्ट घालून. मला कळलं का ते. पिंजरा टेबलावर ठेवला. तिने मफलरला हातात घेतलं, पाठीवरून बोट फिरवलं. म्हणाली, गोड आहे गं तू. मी म्हटलं, त्याबद्दलच सांगायचंय, पान एकोणतीस. आणि अहवाल दिला. ती वाचतेय. अगदी सावकाश, एकेक पान. मी सरबत आणण्याच्या निमित्ताने आत येऊन हे लिहून घेतोय. हा क्षण जसाच्या तसा नोंदला पाहिजे.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६

चौतीसही पानं वाचली तिने. मग अहवाल मिटून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, ही मफलर नाहीये रे. मफलर सोळा मार्चला गेला. काकांनी त्याच संध्याकाळी मला फोन केला होता.

मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, माझंच चुकलं. पिंजरा मी उन्हात ठेवला आणि विसरलो. मग तीन दुकानं फिरलो, त्यातल्या त्यात हीच तशी दिसली. रोज म्हणत होतो, तुला सांगीन.

आई खिडकीकडे तोंड करून उभी होती.

बाबा त्या दिवशी आत्याकडे होते.

ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, सोळा तारखेला फोनवर मीच होते. थांब म्हणालास, पिंजरा बाल्कनीत ठेवून येतो. हे मी काकांनाही नाही सांगितलं. म्हटलं, तुझं तुला कधीतरी कळेल, तेव्हा तू सांगशील. तर तू मला कान उगवल्याचं कळवत होतास.

ती थांबली होती. चांगलं मिनिटभर तरी थांबली असेल. बाबाही खाली बघत थांबले होते. माझी पाळी होती, एवढं मलाही कळत होतं.

मी म्हटलं, त्या दिवशी ऊनच फार होतं.

ती उठली. आईला म्हणाली, येते मावशी. बाबांना म्हणाली, तुम्ही मनाला नका लावून घेऊ काका. ही असू दे तुमच्याकडे. दारात तिला म्हटलं, आपण बोलणार होतो. म्हणाली, बोललो की.

अहवाल खुर्चीवर राहिला.

पाच वाजेपर्यंत खाटेवर पडून होतो. राग यायची वाट बघत होतो. आला नाही. मग उठून बाबांना म्हटलं, मी ठेवला होता. बाबा म्हणाले, माहीत आहे. आम्ही आलो तेव्हा घरात कुणीच नव्हतं ना. मी विचारलं, मग स्वतःवर का घेतलंत? म्हणाले, तू ते जर्नलसारखं सगळं पुन्हा फेकून दिलं असतंस, म्हणून. मग म्हणाले, माझंही चुकलंच.

मी विचारलं, कुठे पुरलंत त्याला?

बाबांनी चपला घातल्या. मला खाली घेऊन गेले, इमारतीच्या मागे, भिंतीला लागून. म्हणाले, इथे. खूण म्हणून वीट ठेवली होती मी, ती सारखी बाजूला सरकते.

तिथे माझी स्कूटर उभी होती. गेला दीड महिना मी ती रोज तिथेच लावतोय. विटेने अडचण होते म्हणून दर वेळी पायाने बाजूला करतो.

स्कूटर काढली. वीट जागेवर ठेवली. बाबांनी ती हाताने दाबून बसवली.

आता मागे दुसरी जागा नाही. पुढे लावायची तर तळमजल्यावरच्या आजोबांच्या दारात येते, ते फार भांडतात. तिथेच लावून आलोय.

भांडू देत.