एका गादीच्या दोन गाद्या

१२ नोव्हेंबर २००६, रविवार. कडी, गुजरात

या वहीत धागा ठेवला हाये. कोणी पान उघडलं की धागा पडते, मले समजते. खोलीत माह्यासंग पूनमसिंग राहते. तो म्हणे, "मले वाचता येत नाही बे." असं म्हणणाऱ्यावरच नजर ठेवा लागते.

आज बूथवरून प्रेरणाले फोन केला. ती म्हणे, "आई-बाबा आपल्या लग्नाले तयार झाले. दहा डिसेंबरले दारव्ह्याले घर पाहाले येतात."

मी उडालोच! मंग डोक्यात आलं — दीड वर्ष नाही-नाही, अन् आज एकदम होय? कसं काय? ती म्हणे, "झाले न तयार! आता कायले पुसता? फक्त एक करा. घर जसं हाये तसंच राहू द्या."

काहून म्हणे असं? हे साधं बोलणं नाही. कोणी तरी काही तरी सांगतलं असन. दारव्ह्यात सांगणारे काय कमी हायेत!

१६ नोव्हेंबर

जिनात, म्हंजे मी सरकी काढाच्या कामाले हावो त्या कारखान्यात, ट्रक आला. नंबर एमएच २९ — यवतमाळ! आपला कापूस माह्याआधी गुजरातले पोचते. मी दोन गाड्या बदलतो, तो एकाच गाडीत येते. ड्रायव्हर म्हणे, तिकडचं खरेदी केंद्र बंद पडलं, भाव नाही, काही नाही.

प्रेरणाचे बाबा, पुंडलिकराव, मारेगावकडं अशाच केंद्रावर ग्रेडर होते. तीस वर्षं कापूस चिमटीत धरून नंबर दिला त्या माणसानं. आता घरी बसून हायेत. घरी बसलेला माणूस लय बारीक पाहते.

१९ नोव्हेंबर, रविवार

हे आतापर्यंत कुठंच लिहिलं नाही. धागा दोन पदरी केला हाये.

माय मेली तेव्हा मी पाच वर्षाचा होतो. उकंडामामा मले दारव्ह्याले घेऊन आला. त्याचं गादी-रजईचं दुकान. मामा खोळ शिवते अन् रहमतचाचा रुई पिंजते. दुकानामागं घर. घरात मामा, चाचा अन् मी. बाई नाही.

मामा भाकर करत नाही. चाचा करते. मामा तापला की चाचा रात-रात बसते. भांडले की दोन दिवस बोलत नाहीत, अन् मंग एक जण दुसऱ्याच्या ताटात गूळ ठेवते. झोपतात एका गादीवर. डबल गादी, चाचानं सोता भरलेली. दरसाल दिवाळीआधी उसवून पिंजते, परत भरते. मले वाटे सगळ्याईच्या घरी असंच असते. चौथीत पोट्ट्याईनं सांगतलं, असं नसते. त्या दिवशी एकाचा दात पाडला होता मी. सातवीत शाळाच सोडली.

प्रेरणा तेव्हा शिवणक्लासले दारव्ह्यात मावशीकडं राहे. दुकानात धागा घ्याले येत जाय. तिले किती दिसलं, किती समजलं — मी कधी पुसलं नाही. भ्याव वाटते.

२६ नोव्हेंबर

मामाले फोन केला. म्हन्लं, दोन दिवस चाचाले पुसदले त्याच्या बहिणीकडं धाडून दे.

मामानं माहं बोलणं तसंच मागं सांगतलं. मंग मागून चाचाचाच आवाज आला, "अरे, मी गेलो तं पाव्हण्याले भाकर कोण खाऊ घालन? हा उकंडराव? पाव्हणे उपाशी मरतील न!" हासला. पण फोन हातात घेतला नाही.

मंग ठरलं. चाचा राहीन, पण पिंजारी म्हणून. बाहेर ओट्यावर. शेजारची बिजलीबाई मामाची चुलत बहीण होईन. ती म्हणे, "नवं लुगडं घेऊन दे, तं तुही मावशी काय, आजी बी होईन!"

८ डिसेंबर. दारव्हा

बडनेऱ्याले उतरलो, एस्टीनं आलो. हंगामात सुटी मागतली म्हणून मुकादमानं दहा शिव्या दिल्या.

घरात पाय टाकला अन् चोरासारखं पाहाले लागलो. दोन कंगवे एका खिळ्याले. दोन वाहणा एका रंगाच्या. भिंतीवर मामा-चाचाचा फोटो — माहूरच्या जत्रेत काढलेला, दोघं कागदाच्या मोटारसायकलवर. फोटो काढला तं भिंतीवर पांढरा चौकोन उमटला. त्याच्यावर एक कॅलेंडर टांगलं.

मंग गादी दिसली. ती कुठं लपवू?

९ डिसेंबर

दुपारी गादी कापली. मीच म्हन्लं, दोन करा. दोन दिवाण, दोन गाद्या. पाव्हणा पाहीन तं काही म्हणणार नाही.

मामा उठून मशीनवर जाऊन बसला. पाठ करून. चाचा म्हणे, "ठीक है बाबू. करतो. पण कात्री तू चालव. माह्या हातानं नाही होणार."

मी चालवली. खोळ टरकन फाटली. आतली रुई अजून कशी मऊ! चाचा तिची दोन ढिगं करत होता — एक मूठ इकडं, एक मूठ तिकडं. वजन पाहून. मी म्हन्लं, इतकं सारखं कायले करतो? तो म्हणे, "एकाले कमी पडाले नको."

मामानं दोन खोळी शिवल्या. सांजेपर्यंत चाललं.

चाचाच्या भुवईत रुई अडकली होती. रोज मामा काढते. आज कोणीच काढली नाही.

१० डिसेंबर, रविवार

सगळं लिहून ठेवतो. कुठं चुकलं ते मंग शोधीन.

अकराले जीपमधून उतरले. पुंडलिकराव उंच, इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी. काखेत कापडी पिशवी. म्हन्लं, "द्या इकडं," तं आणखीनच दाबून धरली! काय असन तिच्यात? इंदूबाई, प्रेरणाची आई, बुटकी, चूप. पण डोळे चूप नव्हते. प्रेरणाले आणलं नव्हतं.

ओट्यावर चाचा रुई पिंजून राह्यला होता. पुंडलिकराव थांबले. "हे कोण?"

मामानं तोंड उघडलं. तो खरं सांगून टाकन असं वाटलं मले! म्हणून मीच घाईनं म्हन्लं, "गडी हाये. पिंजारी."

"किती वर्षापासून?"

"या हंगामापुरता."

चाचाचा हात थांबला नाही. पुंडलिकरावानं माह्याकडं पाह्यलं, मंग चाचाकडं, मंग आत आले.

आत बसता बसता भिंतीकडं पाहून म्हणतात, "हे कॅलेंडर दोन हजार चारचं दिसते." मेलो! घाईत पाह्यलंच नव्हतं. मामा म्हणे, "चित्र चांगलं हाये त्याच्यावरचं." चित्र खताच्या पोत्याचं होतं.

बिजलीबाईनं चहा आणला. आमच्यासाठी बशीचे कप. चाचाले ओट्यावर कानतुट्या कपात. त्या कपात मामा मशीनचं तेल ठेवते! धुतला असन तिनं. चाचानं घेतला, "मेहरबानी बाई," म्हणे, अन् प्याला. पुंडलिकराव दारातून पाहून राह्यले होते. मी बी पाहून राह्यलो होतो.

मंग जेवण. वांग्याची भाजी चाचानं पहाटीच करून ठेवली होती. इंदूबाई बिजलीबाईले पुसते, "भाजी कशी केली हो बाई?" बिजलीबाई म्हणे, "कशी म्हंजे... करतात तशीच!" इंदूबाईनं वरून मीठ मागतलं. बिजलीबाई उठली. हा डबा उघडला, तो उघडला. हळद निघाली, साखर निघाली, बटनं निघाली. मीठ काही सापडेना.

तेवढ्यात ओट्यावरून, मान वर न करता, चाचा म्हणे, "जर्मनच्या डब्यात. खालच्या फळीवर, चुलीजोळ."

हंगामापुरत्या पिंजाऱ्याले मिठाचा डबा माहीत! इंदूबाईनं मीठ घेतलं अन् पहिल्यांदाच हासली. ते हासू मले आवडलं नाही. पक्कं समजलं तिले.

जेवण झाल्यावर पुंडलिकराव दिवाणावर टेकले. हात गादीवर फिरला. दाबलं. उठून दुसऱ्या गादीवर गेले, तिथं दाबलं. कोपऱ्यातून रुईचा पुंजका निघाला होता, तो चिमटीत धरून ओढला, उजेडाले धरला.

"दोन्हीतली रुई एकच हाये. जुनी हाये, पण दरसाल पिंजलेली. शिवण कालची."

मामा हळूच म्हणे, "एक मोठी होती. दोन केल्या."

"कायले?"

मी म्हन्लं, "पाव्हण्याले बसाले."

"हूं," म्हणाले. मंग विडा बांधता बांधता, कोणी पुसलं नसताना, सांगाले लागले — "केंद्रावर लोक वरून पांढरा कापूस आणत अन् खाली ओला भरत. मी हात घालून काढत जाओ. गाडी वापस. पण एखादा पहिलेच म्हणे, साहेब, ओला हाये — त्याले मी वापस नाही धाडलं. वाळवाले जागा दिली."

हे मले कायले सांगून राह्यले? धमकीच ती!

जाताना मामाले सोयऱ्याचा मान म्हणून टोपी-दुपट्टा दिला. पिशवी तरी फुगलेलीच. ओट्यावर थांबले, पिशवीत हात घातला, माह्याकडं पाह्यलं. लय वेळ. मंग हात तसाच काढला अन् जीपमधे बसले. काय होतं तिच्यात? चिठ्ठी? आमच्याबद्दल कोणी लिहून दिलेली?

चाचा म्हणे, "भाजी खाल्ली न त्याईनं पोटभर? बस, मंग झालं."

१७ डिसेंबर. कडी

जिन तीन पाळ्यात चालू हाये. कानात तोच आवाज. प्रेरणा शेजारच्या फोनवर येत नाही. म्हणतात, बाहेर गेली. रोज बाहेर?

२४ डिसेंबर, रविवार

नकार आला, मामानं फोनवर सांगतलं. जीपवाल्याजोळ निरोप — "योग नाही." एवढंच.

धागा जागच्या जागी हाये. मंग सांगतलं कोणी? बिजलीबाईनं? जीपवाल्यानं? सांगाची गरजच काय होती! मीठच पुरलं.

दुकानातल्या फोनवर चाचाले बोलावलं. म्हन्लं, "तुले चूप राहता येत नव्हतं? एक दिवस? एका मिठासाठी माहं लग्न मोडलं तू!"

चाचा म्हणे, "हो बाबू. जबान फिसली. गलती माहीच हाये."

मी फोन आपटला.

२५ डिसेंबर

पूनमसिंग म्हणे, "काय झालं बे? जेवला नाही." तुले कायले पाहिजे?

३१ डिसेंबर

मामाचा फोन. चाचा गेला. पुसदले, बहिणीकडं, कहकशांकडं. पिंजण बी नेली. सांगून गेला, "पोट्ट्याले दुसरं स्थळ येईन, तवा घर साफ पाहिजे."

मी म्हन्लं, येईन वापस. भांडले की दोन दिवसात बोलता तुम्ही.

मामा म्हणे, "आम्ही भांडलो कुठं?" मंग म्हणे, "गाद्या दोन झाल्या न आता, अमर. माणूस एकच हाये."

७ जानेवारी २००७

प्रेरणाचा फोन, जिनाच्या ऑफिसात. रडून राह्यली होती. तिच्या बाबाले सगळं पहिलेच माहीत होतं. मामा अन् चाचा एकमेकाचे कोण, हे तिनंच सांगतलं होतं, दीड वर्षाआधी. बाबानं तिले शपथ घातली होती की पोराले सांगायचं नाही, तो सोता काय सांगते ते पाहू. बाबा म्हणतात, "मले ते पटत नाही, पटणार बी नाही. पण ज्यानं वाढवलं त्याले हंगामाचा गडी म्हणणारा पोट्टा मले नाही पाहिजे."

मी पुसलं, पिशवीत काय होतं?

दुपट्टे होते, म्हणे. दोन. दुसरा चाचाचा.